स्वस्त की महाग? विजेच्या हत्याराचा हिशेब तासावर करा

आजचा विषय आहे विजेवर चालणाऱ्या हातहत्यारांचा. म्हणजे ग्राइंडर, ड्रिल आणि लोखंड कापायचं कटर मशीन. तुम्ही म्हणाल, हा विषय फॅब्रिकेशनवाल्याचा किंवा सुताराचा, आम्हां शेतकऱ्यांना त्याचं काय? पण हिंजवडी, माण, मारुंजी या मुळशी तालुक्यातल्या गावांकडे जरा बघा. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं, त्यात बऱ्याच जमिनी गेल्या. उरलेल्या रानात कुणी भात करतो, कुणी ऊस, कुणी भाजीपाला. घरातला एक भाऊ शेती बघतो, तर दुसरा फॅब्रिकेशन नाहीतर वायरिंगची कामं घेतो. एकाच पडवीत एका कोपऱ्यात कुळव टेकलेला असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात ग्राइंडर. गोठ्याचं फाटक, शेडचे पाइप, ट्रॉलीची फळी, फाळाची धार, सगळ्याला आता हे हत्यार लागतं.

मग प्रश्न येतो तो खरेदीचा. दुकानात एकासारखी एक दिसणारी तीन ग्राइंडर मांडलेली असतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट. मुलगा म्हणतो, नावाजलेल्या कंपनीचंच घ्या. वडील म्हणतात, लोखंडच कापायचं ना, मग हे स्वस्तातलं काय वाईट? दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कुणाचं कधी बरोबर ते आज पाहू.

महाग हत्यारात जास्तीचं काय असतं?

बैल घ्यायचा तर आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. हत्यार घेताना मात्र रंग आणि किंमत बघून मोकळे होतो. तेव्हा आधी हत्याराच्या पोटात काय असतं ते समजून घ्या.

ग्राइंडरच्या आत एक छोटी मोटार असते. तिच्या फिरणाऱ्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याला वीज पोचवणारे दोन कार्बन असतात, फेरे टेकणाऱ्या बेअरिंगा असतात आणि पुढं दातेरी गिअर असतो. चांगल्या हत्यारात तारेचा वेढा तांब्याचा असतो आणि त्यावर धुळीपासून राखणारा लेप असतो. बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असते, म्हणजे लोखंडाचा कीस आत जात नाही. गिअर चांगल्या पोलादाचा असतो. काही हत्यारांत कार्बन झिजून संपत आला की मशीन आपोआप बंद पडतं, त्यामुळं आर्मेचर वाचतं. वीज जाऊन पुन्हा आली तरी मशीन स्वतःहून सुरू होणार नाही, अशीही सोय काहींत असते. लोड शेडिंगच्या गावात ही सोय लाखमोलाची आहे. बटण चालूच राहिलेलं ग्राइंडर जमिनीवर पडलेलं असेल आणि अचानक वीज आली, तर काय होईल याचा विचार करा.

स्वस्त हत्यारात यातलं काही ना काही कमी केलेलं असतं. कुठं तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार, कुठं बेअरिंगऐवजी साधा बुश, कुठं पातळ पत्र्याचं गार्ड. बाहेरून हे दिसत नाही. आणखी एक गोष्ट. खोक्यावर ‘८५० वॅट’ लिहिलेलं असतं ती बहुधा मोटार विजेतून ओढते ती शक्ती. चकतीपर्यंत त्यातली बरीच कमी पोचते. म्हणून नुसत्या वॅटवर जाऊ नका. जास्त वॅट म्हणजे जास्त काम असं दर वेळी नसतं.

नावांचं म्हणाल, तर बॉश, मकिता, डिवॉल्ट, हिल्टी ही नावं कारागिरांच्या तोंडी असतात. मकिता ही जपानी कंपनी १९१५ साली विजेच्या मोटारी विकणं आणि दुरुस्त करणं या धंद्यातून उभी राहिली. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला १९७६ साली कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी निघाली. तिची ‘केपीटी’ नावाची हत्यारं वर्कशॉपात ओळखीची आहेत. एकाच कंपनीचीही सगळी हत्यारं एका तोलाची नसतात. बॉशच निळ्या रंगाची हत्यारं कारागिरासाठी आणि हिरव्या रंगाची घरगुती कामासाठी काढते. म्हणून नुसतं नाव विचारू नका. ‘हे रोजच्या कामाचं आहे की घरगुती?’ असं विचारा. नाही तर नाव मोठं, लक्षण खोटं व्हायचं.

तासाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. हत्याराची किंमत दुकानात कळत नाही, ती कामाच्या तासावर कळते. एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही आपल्या गावच्या भावानं मांडा.

समजा, स्वस्त ग्राइंडर १,८०० रुपयांचा आहे आणि तो १०० तास चालतो. चांगला ग्राइंडर ५,४०० रुपयांचा आहे आणि तो ६०० तास चालतो.

प्रथम फॅब्रिकेशन करणारा भाऊ घ्या. तो दिवसाला ४ तास, वर्षाला २५० दिवस मशीन चालवतो. म्हणजे वर्षाचे १,००० तास झाले. स्वस्तातले ग्राइंडर त्याला १० लागतील, त्यांचे झाले १८,००० रुपये. चांगले ग्राइंडर दोन पुरतील, त्यांचे १०,८०० रुपये, शिवाय दुसऱ्यात काही तास शिल्लक राहतील. वर आणखी एक गोष्ट. स्वस्त मशीन दहा वेळा बंद पडेल, आणि तेही गिऱ्हाइकाच्या दारात काम अर्धं असताना. त्या प्रत्येक वेळी बुडालेली मजुरी आणि गेलेली पत धरली, तर स्वस्त मशीन त्याला फारच महागात पडतं. म्हणून रोज हत्यारावर पोट असलेल्या माणसानं चांगलंच घ्यावं.

आता शेती करणारा भाऊ घ्या. त्याला वर्षात फार तर २० तास काम पडतं. दहा वर्षांत २०० तास. स्वस्तातले दोन ग्राइंडर लागले तरी ३,६०० रुपये. महागाचे ५,४०० रुपये पहिल्याच दिवशी अडकले. त्या मशीनचे ६०० तास पुरे व्हायला ३० वर्षं लागतील. तोवर वायरचं रबर कडक होईल, ग्रीस वाळेल आणि त्याचा सुटा भाग बाजारात मिळेलच असं नाही. त्या भावाला कारागिराच्या तोलाचं हत्यार घेण्याची गरज नाही. त्यानं अगदी हलकंही घेऊ नये. मधल्या किमतीचं, गार्ड आणि बटण पक्कं असलेलं, जवळ दुरुस्ती मिळणारं घ्यावं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते इथंही खरं आहे.

तिसरी एक वाट आहे, आणि ती पुष्कळांना सोयीची आहे. सहा घरांनी मिळून एक चांगला ग्राइंडर घेतला, तर प्रत्येकाला ९०० रुपये पडतात. सहा घरांचं वर्षाचं काम होतं १२० तास. म्हणजे ६०० तासांचं मशीन पाच वर्षांत आपलं मोल पुरं करतं. मात्र मशीन एकाच घरी ठेवा. वही घाला. कोण घेऊन गेला, किती वेळ चालवलं, काय बिघडलं, ते त्यात लिहा. चकती ज्याची त्यानं आणावी. असं केलं तर भांडण होत नाही. सामाईक विहिरीच्या पाळ्या आपण पिढ्यान् पिढ्या पाळत आलो, मग ग्राइंडरची पाळी का जमू नये?

दुकानात काय तपासावं?

मशीनवरची पाटी वाचा. तिच्यावर व्होल्ट, वॅट आणि मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर हत्याराला दुहेरी इन्सुलेशन आहे. अशा हत्याराला दोनच पिना असतात आणि अर्थिंग लागत नाही. पण याचा अर्थ ते ओल्यात चालवावं असा नाही. पाणी आत गेलं की दुहेरी इन्सुलेशनही कामाचं राहत नाही. तीन पिनांच्या मशीनला मात्र अर्थिंग हवंच. तिसरी पिन कापून टाकणारा स्वतःच्या जिवाशी खेळतो.

बिनचकतीचं मशीन दुकानातच चालवून बघा. आवाज एकसारखा हवा, घरघर नको. बंद केल्यावर पुढचा दांडा हातानं हलवून बघा, त्याला खेळ नको. कार्बनपाशी बारीक ठिणगी दिसणं चालतं, पण ठिणग्यांचं गोल कडं दिसलं तर ते मशीन परत ठेवा.

मग दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. कार्बनची जोडी केवढ्याला? आर्मेचर केवढ्याला? आणि दुरुस्ती कुठं होते? आर्मेचरची किंमत मशीनच्या किमतीजवळ जात असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. मोठ्या नावाचं मशीन घेतलं आणि त्याचा भाग आणायला पुण्याच्या दोन खेपा घालाव्या लागल्या, तर ते तुमच्यासाठी चांगलं मशीन नव्हे. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. नावाजलेल्या कंपन्यांची नक्कलही बाजारात येते. नावातलं एखादं अक्षर बदललेलं असतं. बिल द्यायला का-कू करणाऱ्या दुकानातून महाग हत्यार घेऊ नका.

ड्रिल घेताना आधी काम ठरवा. लाकडाला आणि लोखंडाला भोकं पाडायची तर साधं १० किंवा १३ मिलिमीटरचं ड्रिल पुरतं. विटेच्या भिंतीला अधूनमधून भोक पाडायचं तर ठोका देणारं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. पण स्लॅबला, काँक्रीटच्या खांबाला रोज भोकं पाडायची असतील, तर रोटरी हॅमरच हवा. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात, म्हणून आपल्याला जोर लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबानं दट्ट्या ठोके देतो, त्यामुळं काम पटकन् होतं आणि हाताला त्रास कमी. महाग इम्पॅक्ट ड्रिल घेऊन काँक्रीटशी झगडण्यापेक्षा बेताच्या किमतीचा रोटरी हॅमर बरा. कामाला न जुळणारं हत्यार कितीही उंची असलं तरी पैसा वाया.

बॅटरीचं हत्यार घ्यावं का?

रानात वीज नाही, तिथं बॅटरीचं ड्रिल फार सोयीचं. खोक्यावर कुठं १८ व्होल्ट, कुठं २० व्होल्ट लिहिलेलं असतं. बहुधा दोन्ही एकच असतात. आत पाच सेल असतात. पूर्ण भरलेली असताना त्यांचा दाब २० व्होल्ट भरतो आणि चालू कामात १८. तेव्हा दोन व्होल्टांसाठी जास्त पैसे देऊ नका. बघायचा तो ॲम्पिअर-तासाचा आकडा. १८ व्होल्ट आणि ४ ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार ७२ वॅट-तास. ८५० वॅटच्या ग्राइंडरएवढा जोर सतत घेतला, तर ही बॅटरी पाच मिनिटांत संपेल. म्हणून ड्रिल, स्क्रू पिळणं यांसाठी बॅटरी चांगली. लोखंड कापायचं जड काम वायरच्या मशीनवरच करा.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या हत्याराला सहसा बसत नाही. पहिलं हत्यार घेतलं की पुढची सगळी त्याच कंपनीची घ्यावी लागतात, हे लक्षात ठेवा. शिवाय लिथियम बॅटरी वापरली नाही तरी जुनी होतच जाते. वर्षात वीस तास काम असणाऱ्यानं तिच्यात पैसा घालू नये.

चांगलं हत्यारही वाया कसं जातं?

पुष्कळदा मशीन जळतं आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. दोष असतो वायरचा. समजा, २,००० वॅटचं कटर मशीन आहे. ते सुमारे ९ ॲम्पिअर वीज ओढतं. विहिरीवरून ४० मीटर वायर ओढली आणि ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक असली, तर २५ व्होल्ट वाटेतच जातात. गावात संध्याकाळी दाब १९० असेल, तर मशीनला १६५ मिळतात. मशीन हळू फिरतं, त्याचा पंखा वारा कमी देतो, आपण जास्त दाबतो आणि आर्मेचर जळतं. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असली, तर जेमतेम ५ व्होल्ट जातात. म्हणून चांगल्या मशीनबरोबर चांगली तांब्याची वायर घ्या. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून मग मशीन चालवा, नाहीतर ती रिळावरच तापते. मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचं गळती-रोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

काम झालं की मशीन मिनिटभर मोकळं चालवा, म्हणजे ते थंड होतं. हवेच्या भोकांतली धूळ काढा. कार्बन ५–६ मिलिमीटर उरले की दोन्ही एकदम बदला. थोड्याशा पैशांचे कार्बन वेळेवर न बदलल्यानं आर्मेचर जातं.

हे मात्र कधी करू नका

आता जिवाची गोष्ट. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्याच्या चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगानं पळते. काही लोक गार्ड काढून त्याला सात इंची चकती लावतात, म्हणजे खोलवर कापता येतं. सात इंची चकती सुमारे ८,५०० फेऱ्यांसाठीच केलेली असते. चार इंची मशीनवर तिची कड ताशी ३७० किलोमीटरच्या वर जाते. ती फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. चेहऱ्याच्या आणि मांडीच्या रेषेतच आपण उभे असतो.

तसंच बाभळीच्या फांद्या कापायला ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी पातं लावू नका. दात अडकला की मशीन हातातून उसळतं. लाकडाला करवत किंवा चेन सॉ वापरा.

चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर बहुधा मुदतीची तारीख छापलेली असते. मुदत संपलेली, ओली झालेली, कड उडालेली चकती फेकून द्या. कापायच्या पातळ चकतीच्या बाजूनं घासू नका. डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट हवेतच. सैल सदरा, उपरणं, गळ्यातला गोफ नको. म्हातोबाच्या बगाडाला कुणी किडकं लाकूड लावील का? मग आपल्या लेकराच्या हातात बिनगार्डचं मशीन का द्यावं?

सरकारी मदत

ज्यांच्या घरात सुतारकी, लोहारकी किंवा गवंडीकाम हा हातांनी करायचा परंपरेचा धंदा आहे, त्यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पहिल्यांदा १ लाख, नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजानं, अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते आणि पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. शेतीची अवजारं घ्यायची असतील, तर कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. तिथं पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान हातचं जाईल. चौकशी आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात करा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी वर्षाचे कामाचे तास काढा, मग किंमत विचारा.
२. रोजच्या धंद्याला चांगलं हत्यार, शेतीच्या अधूनमधूनच्या कामाला मधलं, आणि जमत असेल तर सहा घरांत मिळून एक चांगलं.
३. नावाआधी सुटे भाग आणि दुरुस्ती किती जवळ आहे ते बघा.
४. पक्कं बिल आणि शिक्क्याचं वॉरंटी कार्ड घ्या.
५. वायर जाड तांब्याची घ्या, आरसीसीबी बसवा.
६. पैसे कुठंही वाचवा, पण गार्ड, बटण, चकती आणि चष्मा यांत वाचवू नका.

या हंगामात भाताची मळणी झाली की जरा निवांतपणा मिळेल. तेव्हा घरात बसून गेल्या वर्षी ग्राइंडर किती वेळा लागला, किती वेळ लागला, ते वहीत मांडा. शेजाऱ्यालाही विचारा. वही समोर असली की स्वस्त घ्यायचं की महाग, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.